इसार आधी, तपासणी नंतर : काळ्या मातीवरच्या घराची खरेदी

वाशीम जिल्ह्यात तयार घर विकत घेऊ पाहणारा ग्राहक घर बघायला निघतो तो बहुधा दिवाळीनंतर. सोयाबीन विकून हाती पैसा आलेला असतो, पावसाचा अडथळा संपलेला असतो आणि विकाऊ घराला नुकताच रंग दिलेला असतो. घर पसंत पडते, मध्यस्थाच्या घरी दोन-तीन बैठका होतात, इसारचिठ्ठी लिहिली जाते आणि खरेदीखताचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेच्या आसपास धरला जातो. मधल्या चार-पाच महिन्यांत ऊन चढते. एप्रिलच्या अखेरीस ग्राहक बँकेच्या मूल्यांकनकाराला घेऊन पुन्हा त्या घरी जातो, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी गेलेली भेग त्याला प्रथमच दिसते. भेग इतकी रुंद असते की तीत नाणे उभे राहावे.

आता प्रश्न उभा राहतो. भेग विक्रेत्याला ठाऊक होती काय? ग्राहकाने ती आधीच बघायला हवी होती काय? सौदा मोडला तर इसार परत मिळेल काय? आणि सौदा पुढे न्यायचा ठरला, तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत. परंतु त्यातील बरीचशी इसारचिठ्ठी लिहिली त्याच संध्याकाळी ठरून गेलेली असतात, हे ग्राहकाला फार उशिरा कळते.

भेग का पडते?

या भागाचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा हा खडक झिजून जी काळी माती झाली, तिने कापूस, तूर आणि सोयाबीन दिले. मात्र घराच्या पायाला तिने कधी साथ दिली नाही. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगा सर्वांनी पाहिलेल्या असतात. तीच हालचाल घराखालीही चालते, फक्त ती दिसत नाही. ओलाव्याचा हा ऋतुमानानुसार होणारा चढउतार जमिनीखाली काही फुटांपर्यंत पोचतो. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. हा पाया साधारणपणे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्या खोलीवर माती बाराही महिने जवळजवळ स्थिर असते.

प्रत्यक्षात लहान गावांतील एकमजली घरे अशा पायावर क्वचितच उभी असतात. तीन-चार फुटांचा चर खणून, दगड-विटा भरून जोते उचलले जाते. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला तर काम भागते. काळ्या मातीचा थर खोल असेल तर मात्र घर ऋतूंबरोबर उठत-बसत राहते. गंमत अशी की, जड इमारतीपेक्षा हलक्या घराला हा त्रास अधिक होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्यात नसते. आणि ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. न्हाणीघराच्या बाजूची जमीन नेहमी ओली, परसातल्या मोठ्या झाडाजवळची कोरडी. एक कोपरा वर, दुसरा खाली. भिंत त्या ओढाताणीत तिरपी फाटते. पावसाळ्यात दरवाजे घट्ट बसतात, फरशी मधोमध उचलली जाते, कुंपणभिंत बाहेर झुकते.

ग्राहकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, या भेगा हंगामी असतात. उन्हाळ्यात उघडणारी भेग पावसाळ्यात मिटते. सप्टेंबरमध्ये तीत लांबी भरून वर रंगाचा हात मारला, तर डिसेंबरमध्ये जाणत्या माणसालाही ती सहज दिसणार नाही. त्यामुळे वाशीमसारख्या ठिकाणी घर कोणत्या महिन्यात पाहिले, याला कागदपत्रांइतकेच महत्त्व आहे. एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. विक्रीपूर्वी रंग देणे हा काही गुन्हा नव्हे. लग्नघराला देतात तसा विकाऊ घरालाही देतात. शिवाय प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावर जाळीसारख्या उमटलेल्या केसाएवढ्या रेषा आणि विटेतून आरपार गेलेला तिरपा तडा यांत फार अंतर आहे. तो भेद स्थापत्य अभियंत्याला कळतो. मध्यस्थाला कळत नाही, आणि कळला तरी तो सांगेलच असे नाही.

तपासतो कोण आणि कोणासाठी?

घरखरेदीत तपासण्या होत नाहीत असे नाही. वकील दुय्यम निबंधकांच्या दप्तरातील सूची क्रमांक २ चाळून शोध अहवाल देतो. साधारणपणे ३० वर्षांचा शोध घेतला जातो, आणि वाशीमच्या बाबतीत तो जिल्ह्याच्या जन्माच्याही मागे जातो. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता, त्यामुळे जुन्या दस्तांवर जिल्हा अकोला असा उल्लेख आढळतो आणि नवखा खरेदीदार उगाचच घाबरतो. बँकेचा मूल्यांकनकार येऊन क्षेत्रफळ मोजतो, बांधकामाचे वय विचारतो, छायाचित्रे काढतो. भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज केल्यास मोजणी होते आणि हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो.

परंतु यांपैकी एकही तपासणी ‘हे घर राहायला बरे आहे काय’ या प्रश्नासाठी नसते. वकील कागद पाहतो, भिंत पाहत नाही. मोजणीदार हद्द पाहतो. मूल्यांकनकार कर्जाची रक्कम बुडाल्यास घर विकून ती वसूल होईल काय, एवढेच पाहतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो आणि फी ग्राहकाने भरलेली असली तरी अहवालाची प्रत त्याच्या हाती पडतेच असे नाही. ‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे घर चांगलेच असणार’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. बँकेने आपल्यापुरता धोका मोजलेला असतो आणि आपला हात राखून कर्ज दिलेले असते. घराचा भाव उतरला तर पहिला तोटा ग्राहकाने घातलेल्या पैशाचा होतो, बँकेच्या पैशाचा नंतर.

घराची प्रकृती पाहणारा अभियंता या साखळीत नसतोच. त्याला ग्राहकाने स्वतःहून बोलवावे लागते, त्याची फी द्यावी लागते, आणि हा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो. लाखो रुपयांच्या सौद्यात काही हजारांच्या फीकडे पाहून हात आखडता घेतला जातो. मध्यस्थाची दलाली मात्र टक्केवारीने मोजून दिली जाते.

‘सामान्य काळजी’ म्हणजे किती काळजी?

‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे जुने इंग्रजी तत्त्व भारतीय कायद्याने जसेच्या तसे उचललेले नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने विक्रेत्यावर एक स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. मिळकतीत किंवा तिच्या मालकीहक्कात महत्त्वाचा दोष असेल, तो विक्रेत्याला माहीत असेल, खरेदीदाराला माहीत नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही खरेदीदाराला तो सापडण्याजोगा नसेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक ठरते, असेही त्याच कलमाच्या अखेरीस म्हटले आहे.

वाचताना दिलासा वाटतो. परंतु या वाक्यात चार अटी आहेत आणि चारही एकत्र जुळाव्या लागतात. दोष महत्त्वाचा हवा. विक्रेत्याला तो ठाऊक होता हे दाखवता आले पाहिजे; घर तीन वर्षांपूर्वीच घेतलेल्या आणि भाड्याने दिलेल्या मालकाने ‘मला कल्पना नव्हती’ म्हटले तर ते खोडणे सोपे नाही. दोघांनाही ठाऊक नसलेला दोष तर सरळ खरेदीदाराच्या पदरी पडतो. आणि खरी मेख आहे ती सामान्य काळजीत. घर नीट पाहिले असते तर भेग दिसली असती, असे न्यायालयाला वाटले तर विक्रेत्याचे सांगण्याचे कर्तव्यच उरत नाही. उलट खरेदीदाराने अभियंता आणून घर तपासले, अहवालात भेग आली, आणि तरीही त्याने खरेदीखत करून घेतले, तर दोष त्याला माहीत होता म्हणून मागाहून तक्रार करता येत नाही. म्हणजे तपासले नाही तरी दोष आपला आणि तपासून पुढे गेलो तरी दोष आपलाच. तपासणीचा उपयोग होण्याचा काळ एकच, तो म्हणजे दोष कळल्यापासून खरेदीखतावर सही होईपर्यंतचा. त्या काळात ग्राहकाच्या हातात काय आहे, हे इसारचिठ्ठी ठरवते.

गप्प राहणे आणि झाकणे यांत मात्र कायद्याने फरक केला आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार केवळ मौनामुळे फसगत झाली असेल आणि सामान्य तत्परतेने सत्य कळण्याजोगे असेल, तर करार रद्द करून मागता येत नाही. परंतु दोष सक्रियपणे लपवला असेल, उदाहरणार्थ, तडा भरून त्यावर नवी फरशी चढवली, ओल आलेल्या भिंतीपुढे मुद्दाम लाकडी पार्टिशन उभारले, तर ती उघड फसवणूक होते आणि ‘तुम्ही नीट पाहिले नाही’ हा बचाव विक्रेत्याला तितका सहज घेता येत नाही. अडचण पुराव्याची. विक्रीपूर्वी महिनाभर आधी गवंडी आला होता आणि त्याने नेमके काय केले, हे शेजाऱ्याला ठाऊक असते; पण न्यायालयात येऊन सांगायला शेजारी सहसा तयार नसतो.

आपल्याकडच्या खरेदीखताची भाषाही या बाबतीत बोलकी आहे. मिळकत निर्वेध आहे, बिनबोजाची आहे, कोणाचा हक्क निघाल्यास लिहून देणार तो स्वखर्चाने निस्तारून देतील आणि लिहून घेणारास तोशीस लागू देणार नाहीत, अशी हमी पिढ्यान् पिढ्या लिहिली जात आहे. ही सारी हमी मालकीहक्काची आहे. भिंती, छत, पाया यांबद्दल त्यात अवाक्षर नसते. कारण ही भाषा शेतजमिनीच्या व्यवहारात घडली, आणि शेताला छत नसते.

इसार कोणाचा?

भेग दिसल्यावर ग्राहक सौदा मोडायचा म्हणतो आणि विक्रेता इसारचिठ्ठीतील ओळीवर बोट ठेवतो: लिहून घेणार यांनी मुदतीत खरेदी न केल्यास इसाराची रक्कम जप्त होईल. ही ओळ सर्वच प्रसंगी लागू पडते असे नाही.

पहिला मुद्दा, दिलेली रक्कम खरोखर इसार आहे की किमतीचा आगाऊ हप्ता. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात १९६३ मध्येच हा भेद स्पष्ट केला. त्या सौद्यात १ लाख १२ हजार ५०० रुपये किंमत ठरली होती. खरेदीदाराने १ हजार रुपये इसार म्हणून आणि २४ हजार रुपये ताबा घेताना दिले होते. न्यायालयाने १ हजारांची जप्ती मान्य केली, २४ हजारांची केली नाही. याउलट २०१२ मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणात ७० लाखांच्या सौद्यातील ७ लाख रुपये करारानुसार निखळ इसार ठरले आणि खरेदीदाराच्या चुकीने सौदा फिसकटल्यामुळे ते सगळेच विक्रेत्याकडे राहिले. चिठ्ठीत कोणत्या रकमेपुढे कोणता शब्द लिहिला आहे, यावर लाखो रुपये अवलंबून असतात ते असे.

दुसरा मुद्दा, सौदा कोणाच्या चुकीने मोडला. जप्तीचा अधिकार खरेदीदाराने कसूर केली तरच निर्माण होतो. विक्रेत्यानेच महत्त्वाची गोष्ट दडवली असेल तर त्याला इसार ठेवून घेता येत नाही. हरियाणा वित्तीय महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच न्याय लावला. महामंडळाने विकायला काढलेल्या कारखान्याला स्वतंत्र रस्ताच नव्हता. हे कळल्यावर बोली लावणाऱ्याने उरलेली रक्कम भरली नाही, आणि महामंडळाने त्याचा अडीच लाखांचा इसार जप्त केला. कलम ५५ चा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले की, हा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे काम होते. इसार परत करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला. हा निकाल २०१० च्या निकालसंग्रहात आहे.

त्याच कलम ५५ मध्ये खरेदीदाराच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे, जिचा उल्लेख क्वचित होतो. खरेदीदाराने गैरवाजवी कारणाने ताबा नाकारला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर त्याचा बोजा निर्माण होतो. दोष लपवल्यामुळे खरेदी नाकारणे योग्य ठरले, तर इसाराचाही दावा करता येतो. दावा करण्याची वेळ आलीच तर मात्र मागणी स्पष्ट लिहिली पाहिजे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २२ प्रमाणे खरेदीखत करून मागताना, ते न मिळाल्यास इसार परत मिळावा, अशी पर्यायी मागणी दाव्यात केलेली असावी लागते. न मागितलेला परतावा न्यायालय आपणहून देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितले. असा दावा ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो.

कायदा ग्राहकाच्या बाजूने असला तरी काळ विक्रेत्याच्या बाजूने असतो, हेही येथे लक्षात घ्यावे. पैसे त्याच्याकडे असतात, घरही त्याच्याकडेच असते आणि दिवाणी दाव्याची गती सर्वांना ठाऊक आहे. तीन लाखांच्या इसारासाठी वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा भेगेसकट घर घेतलेले बरे, असा हिशेब ग्राहक करतो. तो चुकीचाही नसतो.

मूल्यांकन कमी आले तर

दोषाचा पहिला फटका अनेकदा बँकेमार्फत बसतो. समजा, २८ लाखांना घर ठरले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के कर्ज देता येते. ग्राहकाने २५ लाख २० हजारांचे कर्ज गृहीत धरले आणि ३ लाख इसार देऊन आपला वाटा पुरा झाला असे मानले. मूल्यांकनकाराने भेगा आणि बांधकामाचे वय पाहून मूल्य २४ लाख धरले, तर कर्ज २१ लाख ६० हजारांवर येते. आता २८ लाख पुरे करायला इसाराखेरीज आणखी ३ लाख ४० हजार रुपये रोख उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळीच. पैसे जमले नाहीत तर मुदत टळते, आणि इसारचिठ्ठीच्या दृष्टीने कसूर ग्राहकाची ठरते. कर्ज कमी मिळाले हे कारण, चिठ्ठीत तशी अट नसेल तर, विक्रेत्यावर बंधनकारक नाही. दोष घराचा आणि दंड ग्राहकाला, असा हा प्रकार.

कागदातल्या भेगा

भिंतीतील भेग निदान डोळ्यांना दिसते. पश्चिम विदर्भातील शहरांत काही दोष केवळ दप्तरात सापडतात. जुन्या वस्तीतील मिळकतीसाठी येथे आखीव पत्रिका पाहावी लागते. ती नझूल जमीन असेल तर घर विक्रेत्याचे आणि जमीन सरकारची, असा मामला असू शकतो. पट्ट्याची मुदत संपली आहे काय, नूतनीकरण झाले आहे काय, हस्तांतराला परवानगी लागते काय, हे प्रश्न इसारापूर्वीचे आहेत. गावठाणातील घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून मालकी सिद्ध झाल्याचे सांगितले जाते. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे.

शहराकडेच्या नव्या वस्त्यांत वेगळी गोष्ट. शेत अकृषक न करता, ले-आऊट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकलेले भूखंड महाराष्ट्रभर आहेत. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला. त्याची कालमर्यादा आधी १ जानेवारी २००१ होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेण्यात आली. नियमित होऊ शकते आणि नियमित झालेले आहे, या दोन वाक्यांतील अंतर मात्र ग्राहकाने विसरता कामा नये. विक्रेता पहिले वाक्य बोलतो, बँक दुसऱ्याचा कागद मागते.

मोजणीत क्षेत्र कमी भरणे हा प्रकार तुलनेने सुटण्यासारखा आहे. दस्तात २,००० चौरस फूट आणि जागेवर १,९२० निघाले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १२ नुसार उरलेल्याची खरेदी आणि उणे भागाची पैशांत भरपाई, असा मार्ग न्यायालय काढू शकते. मात्र कुंपणभिंतच शेजाऱ्याच्या हद्दीत असेल, तर घराबरोबर एक भांडणही विकत घेतले जाते. त्याची किंमत चौरस फुटांत निघत नाही.

बिल्डरकडून नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याला या बाबतीत बरेच संरक्षण आहे. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. परंतु एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकलेले जुने घर या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात अशा घरांच्या सौद्यांना हा कायदा उपयोगी पडत नाही.

विक्रेत्याचेही ऐकावे

न्याय एकाच बाजूने बघून भागत नाही. निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला किंवा नागपूरला जायला निघालेल्या माणसाने घर विकायला काढले, इसार घेतला, इतर गिऱ्हाइकांना नाही म्हटले, तिकडे सदनिकेसाठी पैसे गुंतवले. चार महिन्यांनी ग्राहक अभियंत्याचा अहवाल पुढे करून ३ लाख कमी करा म्हणतो. अहवाल खरा असतो. पण तो आत्ताच का आला, हा विक्रेत्याचा प्रश्नही खरा असतो. शेवटच्या घटकेला भाव पाडण्याचे साधन म्हणून तपासणीचा उपयोग करणारे ग्राहक आहेत आणि मध्यस्थांना ते चांगले माहीत आहेत. वीस वर्षे जुन्या घरात वीस वर्षांच्या खुणा असणारच, आणि ठरलेल्या किमतीत त्या बहुधा धरलेल्या असतात. खरा वाद असतो तो किंमत ठरताना कोणालाच न दिसलेल्या किंवा एकालाच दिसलेल्या दोषाचा.

इतर देशांनी हा पेच तपासणीचा क्रम बदलून हाताळला. इंग्लंडमध्ये भाव ठरल्यावर, पण करार बंधनकारक होण्याआधी, खरेदीदार तज्ज्ञाकडून घर तपासून घेतो. तोवर कोणालाही दंडाविना मागे फिरता येते. त्याचा तोटा असा की, विक्रेत्याच्याही बाजूने शब्द पक्का राहत नाही. स्कॉटलंडने डिसेंबर २००८ पासून ही तपासणी विक्रेत्यावरच सोपवली. घर बाजारात आणतानाच त्याने तज्ज्ञाचा अहवाल तयार ठेवायचा, म्हणजे प्रत्येक इच्छुक एकच अहवाल वाचून बोली लावतो. डेन्मार्कमध्ये १९९६ पासून विक्रेता स्थितीदर्शक अहवाल आणि विम्याचा प्रस्ताव देतो, निम्मा हप्ता भरण्याची तयारी दाखवतो, आणि मग बांधकामातील छुप्या दोषांच्या बहुतेक जबाबदारीतून मोकळा होतो. छुपा दोष निघाल्यास पैसे विमा कंपनी देते.

आपल्याकडे असा कायदा नाही. कलम ५५ मधील हक्क-कर्तव्ये मात्र वेगळा करार नसेल तेव्हाच लागू होतात, आणि ही गोष्ट ग्राहकाच्याही कामी येते. इसारचिठ्ठीतच असे लिहिता येते की, अमुक दिवसांत खरेदीदार अभियंत्याकडून तपासणी व भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेईल. दुरुस्तीचा अंदाज ठरावीक रकमेवर गेल्यास विक्रेता दुरुस्ती करून देईल किंवा तेवढी किंमत कमी करील. दोन्ही मान्य नसल्यास पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत होईल आणि कोणीही कसूरवार समजला जाणार नाही. बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या भावापेक्षा कमी आल्यास काय, हेही एका वाक्यात मांडता येते. विक्रेत्याला माहीत असलेले दोष आणि गेल्या काही वर्षांत केलेल्या दुरुस्त्या चिठ्ठीला जोडून लिहून घेतल्या, तर त्याला ते ठाऊक होते काय, हा वाद पुढे उरत नाही. प्रामाणिक विक्रेत्याचाही त्यात फायदाच. सांगितलेल्या दोषावरून मागाहून त्याला कोणी फसवा म्हणू शकत नाही. तपासणी होईपर्यंत इसार लहान ठेवणे, ही त्याहून साधी खबरदारी. मध्यस्थ या सगळ्याला नाक मुरडतो, कारण अटींचा सौदा लांबतो.

भेग जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्याची अभियंत्यांची एक स्वस्त रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. भिंत हलली तर काच तडकते. काळ्या मातीवरच्या घरात ही पट्टी फेब्रुवारीत लावून जून उजाडेपर्यंत ठेवावी लागते, म्हणजे खरेदीखताचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेच्या पुढे जातो. एवढी मुदत इसारचिठ्ठीत आधीच घातलेली असेल, तरच विक्रेता ती काच भिंतीवर राहू देतो.